कुणी न घेतलेला पेपर

आजचा पेपर आज वाचायचा नाही, असा आमच्या घरचा नियम होता, आणि घर तर पेपरवाल्याचं! कासारवाडी स्टेशनच्या अलीकडे, रुळांकडे पाठ करून बसलेल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीत दुपारच्या पाळीला जात. ही पाळी कुणालाच नको असते. सकाळही धड हाताशी लागत नाही आणि संध्याकाळही जाते. त्यामुळे अण्णांनी ती कायमची मागून घेतली तेव्हा सोबत्यांनी त्यांना चहा पाजला म्हणे. सकाळ मोकळी मिळाली, तिचा उपयोग करून त्यांनी घरोघर पेपर टाकायची लाइन धरली. पुण्याहून पहाटेच्या गाडीने गठ्ठे यायचे, ते अण्णा सायकलवरून घरी आणायचे आणि बाहेरच्या खोलीत सुतळी कापली की शाईचा आणि रॉकेलचा मिळून एक वास घरभर पसरायचा. आई, अण्णा आणि मी असे तिघं मांडी घालून बसायचो आणि पुरवण्या आत सरकवायचो. माझ्या शाळेच्या वह्यांवर, आईच्या पदरावर, कधीकधी भाकरीच्या कडेवरसुद्धा काळी बोटं उमटलेली असत. पण हातातून एवढे पेपर जायचे तरी उलगडून बघायची सोय नव्हती. अण्णा म्हणायचे, "घडी मोडलेला पेपर गिऱ्हाइकाच्या दारात टाकायचा म्हणजे उष्टं ताट पुढं करणं." पहिल्या पानाची वरची अर्धी बाजू दिसेल तेवढंच आपलं. कुठलं सरकार पडलं ते आम्हाला कळायचं, का पडलं ते दुपारी शेजारच्या काकूंकडून कळायचं.

मग आम्ही वाचायचो काय, तर उरलेला पेपर. मोठे पेपर कधी उरायचे नाहीत. चाळीत, स्टेशनवर, नाशिक फाट्याच्या टपऱ्यांत सगळे खपून जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी तर कमी पडले म्हणून अण्णांना बोलणी खावी लागायची. उरायचा तो एकच. एक छोटासा दैनिक पेपर होता, आता तो बंद पडला आहे आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून त्याचं नाव सांगत नाही. एजन्सीवाला त्याचे दहाबारा अंक आमच्या गठ्ठ्यात बळेच कोंबायचा, "असू द्या हो अण्णा" म्हणायचा आणि आठवड्याने न खपलेले परत न्यायचा. ते सगळेच्या सगळे परत जायचे. फोटो इतके काळे की पुढारी कोणता आणि त्याच्या गळ्यातला हार कोणता हे कळू नये. आईने त्याचं नाव 'बिचारा' ठेवलं होतं. "बिचारा आला का गं?" असं विचारायची आणि कोपऱ्यातल्या ढिगातून एक अंक काढून माझ्यापुढे टाकायची.

आई सातवी शिकलेली होती आणि तिला वाचनाची भूक दांडगी, पण तिचे हात मोकळे कधी असत? म्हणून अण्णा पाळीला गेले की दुपारी ती स्वयंपाकाला बसायची आणि मी चुलीशेजारी, म्हणजे स्टोव्हशेजारी, बसून मोठ्याने वाचायचं. बातम्या तिला फारशा नको असायच्या. "ते शिळं झालं, पुढं वाच," म्हणायची. तिला हवी असायची आतली पानं, बारीक अक्षरांची. हरवले आहेत, नाव बदलले आहे, शोकप्रकट, नगरपालिकेची टेंडरं, आणि सगळ्यांत शेवटी जाहीर नोटिसा. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. मी बारावीला होते, मला नाटकाच्या जाहिराती हव्या असायच्या. "आई, कुठल्या कोण गट नंबरचं तुला काय करायचंय?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "अगं, कुणाचं तरी घर चाललेलं असतं. एकीनं तरी ऐकून ठेवावं." हे ती इतकं साधेपणाने म्हणायची की मला हसू यायचं.

आता मी चिंचवडला मुलाच्या सोसायटीत राहते. आठव्या मजल्यावर. माझ्याकडे अजून दोन पेपर येतात, त्यावरून घरात माझी थट्टा चालते. "आजी, सगळं मोबाइलवर येतं," नात म्हणते. येतं की. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पन्नास गुलाबाची फुलं येतात, कुणाची तरी मांजर हरवलेली येते, आणि काल दिवसभर एका नटाच्या घटस्फोटावर चर्चा चालली होती. पण आमच्या मागच्या ओढ्यावर काय बांधतायत, हे त्या ग्रुपवर कुणीही टाकलेलं नाही. पेपरवाला पोऱ्या आता बिल न्यायला आला की मलाच विचारतो, "आजी, चालू ठेवायचा ना?" जणू माझीच मुदत विचारतोय. पेपर बारीक झाले, नोटिसा मात्र छापाव्याच लागतात, कायदा आहे. म्हणून काही पेपर आता फक्त नोटिसांवर जगतात आणि ते कुणाच्याही दारात पडत नाहीत. छापलं, कायदा झाला, संपलं. हे बघितलं की माझं डोकं फिरतं, कारण मला ती शेंगोळ्यांची दुपार आठवते.

आईने हुलग्याचं पीठ तिखट-लसूण घालून मळलं होतं आणि परातीत शेंगोळ्या वळत होती. आमच्या आजोळच्या, चाकणकडच्या बायका वळतात तशा, एका तळव्यावर दुसरा तळवा फिरवून. मी बिचाऱ्याचा चारपाच दिवसांचा जुना अंक वाचत होते. एकसुरी, जांभया देत. "तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की..." आणि गावाचं नाव आलं. ते नाव मी वाचून पुढे गेलेसुद्धा. आईचे हात थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आजोळचंच नाव वाचलं.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. माझ्या मामाचं नाव, किसन, वडिलांच्या नावासकट. त्याखाली गट नंबर. जमीन त्यांच्या एकट्याच्या मालकीची आणि वहिवाटीची असून त्यांना अन्य कोणीही वारस नाही, ती घेण्याचे आमच्या अशिलांनी ठरविले आहे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत राजगुरुनगरच्या अमुक वकिलांना कळवावे, नपेक्षा तसा हक्क कुणाचा नाही किंवा असल्यास त्याने तो सोडून दिला आहे असे समजले जाईल.

"अन्य कोणीही वारस नाही," आई म्हणाली. मग परातीकडे बघत म्हणाली, "मग मी कोण गं?"

किसनमामा आईपेक्षा सहा वर्षांनी लहान. आजी लवकर गेली, तेव्हा याला आईनेच कडेवर घेऊन वाढवलं. दर भाऊबीजेला तो पोतंभर बटाटे आणि कांदे घेऊन यायचा आणि आईच्या पाया पडायचा. माझ्या सगळ्या सुट्ट्या त्याच्या मळ्यात गेल्या. विहिरीत पोहायला मला त्यानेच शिकवलं, कमरेला दोर बांधून. त्या मामाने सगळ्या जगाला छापून कळवलं होतं की आपल्याला बहीण नाही. आई रडली असती तर बरं झालं असतं. तिने राहिलेल्या शेंगोळ्या वळल्या, शिजवल्या, मला वाढल्या आणि स्वतः घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पुरवण्या घालताना तिने अण्णांना सांगितलं. अण्णा तसे थंड डोक्याचे, पण त्यांच्या हातातला गठ्ठा खाली आला. "सरळ वकिलाकडं जायचं. हरकत नोंदवायची. माझी रजा टाकतो."

"वकिलाकडं गेले की माझं माहेर संपलं," आई म्हणाली. "आणि नाही गेले, तर मीच नाही असं होतंय. आधी किसनाच्या तोंडून ऐकू दे. त्यानं माझ्याकडं बघून म्हणावं की मी कुणी नाही."

"आणि म्हणाला तर?"

आईने पुढचा पेपर ओढला आणि पुरवणी आत सरकवली. अण्णांनी ढिगातून तो अंक काढला, माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "हिला घेऊन जा. ही नीट वाचते." मुदत संपायला अजून थोडे दिवस होते, पण परत न्यायला येणारा एजन्सीवाला त्याच दिवशी दुपारी यायचा होता. एक दिवस उशीर झाला असता तर तो अंक रद्दीत गेला असता.

नाशिक फाट्यावरून आम्ही एसटी धरली. मोशी गेलं की तेव्हा दोन्ही बाजूंना शेतंच असत, आणि मधे कुठे कुठे तारेचं कुंपण घालून कंपनीच्या नावाचा फलक नुकता लागलेला. चाकणच्या बाजारात उतरून पुढे आम्ही चालत निघालो. आई चार पावलं पुढे झपाझप चालत होती. मी मात्र मनातल्या मनात मामाला खूप बोलून घेतलं, बारावीच्या मराठीच्या पुस्तकातले सगळे कठोर शब्द वापरून.

मामी अंगणात बटाटे निवडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि तिचं तोंड उतरलं. मामा गोठ्यातून आला. "आक्का? आन् असं सांगावा न धाडता?" म्हणत पाया पडायला वाकला, तर आईने पाय मागे घेतले. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. मामा वाकलेलाच राहिला.

"किसना, बस हितं. पोरगी वाचती ते ऐक. मंग पाया पड का नगं, ते ठरव." माहेरच्या शिवेत शिरली की आईची भाषा आपोआप बदलायची.

मी वाचायला लागले. 'अन्य कोणीही वारस नाही' या ओळीला मी मुद्दाम थांबले आणि मामाकडे बघितलं. मामा मातीकडे बघत होता.

"आक्का, मी न्हाई लिवलं ते."

"सही तुझीच आसंल."

"सही न्हाई, कशावर न्हाई केली. नुसतं बोलनं झालंय. त्यो बापू हाय ना, जमिनीचं बघतो त्यो, त्यो म्हणला वरचा माळ काय पिकतोय, कंपनी येती हाय, दे टाकून. मी म्हणलं आक्काला इचारतो. तर म्हणला, कागदाला बहीण लागत न्हाई. मागनं साडीचोळी करा." मामा थांबला. "खरं सांगू? मलाबी वाटलं, बरं झालं. तू नगं म्हणशील याचं भ्या व्हतं मला. पर बहीणच न्हाई, असं छापत्याल हे न्हाई म्हाईत, आईची आन."

"साडीचोळी तर दर दिवाळीला करतूस," आई म्हणाली. "मी कुणीच न्हाई, तर मंग कुणाला करतूस?"

मामी तोंडाला पदर लावून रडायला लागली. मामाचे डोळे भरले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण आई म्हणाली, "वाच गं पुढं. समदं वाच," बहुधा नुसतं काहीतरी चालू राहावं म्हणून. मग मी राहिलेलं वाचलं. चतुःसीमा, पूर्वेस कोण, पश्चिमेस ओढा, आणि "त्यातील विहीर, झाडझाडोऱ्यासह."

"काय म्हणलीस?" मामाने मान वर केली.

"विहीर, झाडझाडोऱ्यासह."

"इहीर कशी आली त्यात? माळावं कुठं हाय इहीर?" तो उठून उभा राहिला. "पोरी, गट नंबर वाच. सावकाश." मी वाचले. दोन होते. एक माळाचा. दुसरा ऐकल्यावर मामा धावत घरात गेला आणि सातबाऱ्याचा कागद घेऊन आला. दुसरा नंबर मळ्याचा होता. विहिरीचा मळा, ज्याच्यावर ते घर जगत होतं, ज्याबद्दल मामा कुणाशी चकार शब्द बोलला नव्हता.

आश्चर्य असं, की हे शब्द मी कासारवाडीला आईपुढे आधीच वाचले होते. पण आई एका ओळीवर अडकली आणि तिला पुढचं ऐकूच गेलं नाही, आणि मला तर गट नंबर म्हणजे झोपेचं औषध. ते ऐकायला ज्याचा मळा त्याचेच कान लागले. मामाला अक्षरं फार येत नसत. त्याच्या गावात तो पेपर येत नव्हता. त्याचं घर चाललं होतं आणि हे त्याला सोडून कुणालाही कळू शकलं असतं, फक्त कुणी तो पेपर घेत नव्हतं.

मामीने शेजारच्या पोराला पिटाळलं असावं, कारण तासाभरात बापू फटफटीवर आला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. अंगणात आम्हाला बघून त्याने लगेच "राम राम ताई" केलं आणि मग माझ्या मांडीवरचा अंक बघितला. तो खाली बसायचाही विसरला.

"आं? ह्यो पेपर तुमच्याकडं आलाच कसा? ह्यो कुठंच मिळत न्हाई!"

मग आईच म्हणाली, "मिळत न्हाई, म्हणूनच ह्यात छापलं का मंग?"

बापू गडबडला. त्याला कुठून माहीत असणार, की सबंध कासारवाडीत त्या पेपराची एकच वाचक होती आणि ती किसनची बहीण होती? त्याने छापताना चुकलेला नंबर, वकिलाचा कारकून, असं काय काय सांगायला सुरुवात केली. मामाने ऐकून घेतलं आणि फटफटीकडे बोट दाखवलं. "बापू, आजून चा घेतला न्हाईस, त्येच बरं झालं. नीघ." इसाराचे आगाऊ पैसे घेतलेले नव्हते, कशावर अंगठा नव्हता, ही देवाची कृपा. बापू गेल्यावर मामा मटकन ओट्यावर बसला आणि एकदम हसायला लागला, रडता रडता. "आक्का, तू भांडाया आलीस म्हणून वाचलो की गं!" आईला हसू आवरेना. मामी चहा टाकायला आत पळाली. मला आठवतं, त्या चहात साखर दुप्पट पडली होती आणि आम्ही सगळ्यांनी तो तसाच प्यायला. इतका हलका चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.

पुढे माळ विकला गेलाच. आता तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची गोदामं आहेत आणि रात्रंदिवस कंटेनर उभे असतात. पण तो गेला आईच्या आणि मामाच्या दोघांच्या सह्यांनी, आईचा हिस्सा आईला मिळून. मळा आजही आहे, मामाचा मुलगा करतो. बिचारा मात्र त्यानंतर फार काळ टिकला नाही. तो यायचा बंद झाला त्या दिवशी आईला चुकल्याचुकल्यासारखं झालं, आणि मग तिने अण्णांचा नियम मोडून रोज एक मोठा पेपर विकत घ्यायला सुरुवात केली. नवऱ्याकडून, रोख. तिच्यासारखं ऐकून ठेवणारं आता प्रत्येक गल्लीत एक तरी असावं असं मला फार वाटतं. बातमी छापणारे कमी होतायत याचं दुःख आहेच, पण कुणाचं तरी घर चाललेलं असताना जांभई आवरून ते वाचणारे कमी होतायत, याची मला जास्त भीती वाटते.

बापूला घालवला त्या रात्री आम्ही आजोळीच राहिलो आणि सकाळी तिघं राजगुरुनगरला त्या वकिलांकडे गेलो. वकील वयस्कर होते, सज्जन होते. त्यांनी आधी आईची हरकत ऐकली, मग मामाकडे बघून विचारलं, "आणि आपण?"

"मीबी हरकत घ्याया आलोय," मामा म्हणाला.

"आपलं नाव?"

मामाने सांगितलं. वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, पण विकणारे तर तुम्हीच!" मग ते मोठ्याने हसले, कारकुनाला बोलावून पुन्हा सांगितलं आणि पुन्हा हसले. "इतकी वर्षं नोटिसा देतोय, विकणाराच हरकत घेऊन आला असं पहिल्यांदा घडतंय." त्यांनी कागद पुढे ओढला आणि आईकडे पेन करून मामाला विचारलं, "या आपल्या कोण?"

मामा उभा राहिला. वकिलापुढे उभं राहायची काही गरज नव्हती. "ही माझी थोरली बहीण," तो म्हणाला. "लिवा साहेब. वारस आमी दोगं हाय. आधी तिचं नाव लिवा."

आईने खिडकीबाहेर तोंड केलं. वकिलांनी आधी तिचं नाव लिहिलं.

मामाने आम्हाला शिवाजीनगरच्या एसटीत बसवून दिलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभा राहिला. चाकण यायच्या आतच आईची मान माझ्या खांद्यावर पडली. नोटीस वाचल्यापासून तिचा डोळा लागलाच नव्हता, आणि आता ती तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी घोरत होती. मोशी गेलं, भोसरी गेलं. कंडक्टर ओरडला, "नाशिक फाटा, कासारवाडी कोण आहे?" मी गप्प बसले. तो जवळ आला तेव्हा मी त्याला तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि शिवाजीनगरपर्यंतचं तिकीट वाढवून घेतलं.